ट्रफल शोधणारे आजोबा, त्यांचे कुत्रे आणि न सांगितलेल्या जागा

पावसाळी:
शनिवारी रात्री 'द ट्रफल हंटर्स' पाहिला. तेव्हापासून त्यातल्या एका प्रसंगावरून आमच्या घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायकल ड्वेक आणि ग्रेगरी कर्शॉ या दोघांनी केलेला २०२० चा माहितीपट आहे, जेमतेम ८४ मिनिटांचा. इटलीच्या वायव्य कोपऱ्यातला पिएमोंते प्रांत, त्यात आल्बा गावाच्या आजूबाजूच्या टेकड्या. तिथे ओक, पॉप्लर, लिंडन अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली पांढरं ट्रफल, म्हणजे एक प्रकारची खाण्याची बुरशी, धरतं. वरून काहीच दिसत नाही. वास फक्त कुत्र्याला येतो. शोधणारे बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या पुढचे म्हातारे, हातात काठी, खिशात खुरप्यासारखं छोटं अवजार, आणि पुढे धावणारं कुत्रं. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, 'तज्ज्ञ सांगतात' नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला आणि माणसं आपापलं काम करताहेत.

आता तो प्रसंग. आउरेलिओ नावाचे चौऱ्याऐंशीचे आजोबा. बायको नाही, मूल नाही, बिर्बा नावाची कुत्री आहे. तिला टेबलाशी बसवून आपल्याच ताटातलं भरवतात, आपल्यामागे हिचं कोण करणार म्हणून झुरतात. त्यांच्याकडे एक माणूस येतो आणि गोडीत म्हणतो, तुमच्या मागे कोणी नाही, तुमच्या जागा मला सांगून ठेवा. आजोबा नाही म्हणतात. कधीच नाही. विषय संपला.

नवऱ्याचं म्हणणं, आजोबांचं शंभर टक्के बरोबर. माझं म्हणणं, साठ-सत्तर वर्षांत गोळा केलेलं ज्ञान असं चितेवर न्यायचं म्हणजे कंजूषपणा आहे. आपल्याकडे गवई चीजा सांगत नसत, वैद्य मुळी सांगत नसत, आणि मग आपणच 'लोप पावत चाललेली कला' म्हणून परिसंवाद भरवतो. तुमचं मत काय?

दुसरी एक शंका. प्रत्येक दृश्य इतकं रेखीव आहे की जुन्या तैलचित्रासारखं दिसतं. उजेड खिडकीतून नेमका हवा तिथे पडतो. हे सगळं सहज घडलेलं आहे असं मानायचं का? याला माहितीपट म्हणावं का?

टोणगा:
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ट्रफल शिंपडलेले नाहीत, परवडत नाहीत.

वेताळ_टेकडी:
नवऱ्याच्या बाजूने एक मत. तो माणूस ज्ञान मागायला आलेला नाही, माल मागायला आलाय. ज्ञान हवं असतं तर म्हणाला असता, काका, उद्यापासून तुमच्याबरोबर येऊ का? पहाटे उठतो, चिखल तुडवतो, कुत्रं कसं वाचायचं ते शिकवा. त्याला थेट नकाशा हवाय. तुमच्या गवयाकडे कोणी 'चीज लिहून द्या, शिष्य वगैरे व्हायला वेळ नाही' म्हणत गेला असता तर काय झालं असतं?

पावसाळी:
@वेताळ_टेकडी, मुद्दा मान्य, पण अर्धाच. शिष्य म्हणून घेतो असं तरी आजोबा कुठे म्हणतात?

पो_नदीकाठची:
धागा पाहून राहवलं नाही. आम्ही तोरिनोत राहतो, नवऱ्याची नोकरी इथे. आल्बा आमच्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. दर शरद ऋतूत तिथे ट्रफलची जत्रा भरते, त्या दिवसांत आख्ख्या गावाला वास असतो. लसूण, ओली माती, जुनं चीज आणि थोडासा स्वयंपाकाचा गॅस. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, कुठे सिलिंडर गळतोय का बघ."

जागांबद्दल इथली रीत सांगते. १९८५ चा राष्ट्रीय कायदा आहे. त्यानुसार जंगलात आणि न कसलेल्या जमिनीवर ट्रफल शोधायला कोणालाही मोकळीक आहे, पण परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, कुत्रं सोबत लागतं आणि उकरलेला खड्डा परत बुजवावा लागतो. म्हणजे जागा आउरेलिओंच्या मालकीची नाहीच. उद्या दुसरा कोणी तिथे गेला तर ते तक्रार करू शकत नाहीत. मालकी नाही म्हणून तर गुपित. सातबारा नावावर असता तर लपवायची गरज काय होती? इथले लोक गाडी भलत्याच टेकडीखाली लावतात आणि चालत पलीकडे जातात. रात्री जायची रीतही त्यातूनच आली असं म्हणतात. अंधारात कोणी मागे आलं तर बॅटरीचा उजेड दिसतो.

आणि एक. नुसती जागा कळून भागत नाही. एका झाडाखाली साधारण ठरावीक सुमारासच माल मिळतो, चार दिवस आधी गेलात तर कच्चा, चार दिवस उशीर झाला तर कोणीतरी नेलेला किंवा किडलेला. जुन्या लोकांच्या डोक्यात झाड आणि तारीख अशी जोडी असते. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांची वही मी लांबून पाहिलेय. जवळ जाऊ दिलं नाही.

खवय्या_बोरिवली:
ते सगळं ठीक, पण लागतं कसं?

पो_नदीकाठची:
@खवय्या_बोरिवली, पांढरं ट्रफल शिजवत नाहीत. गरम पदार्थावर पातळ चकत्या किसतात, बस. ताजारिन नावाच्या भरपूर पिवळे बलक घालून केलेल्या बारीक शेवयांवर, किंवा साध्या तळलेल्या अंड्यावर. चव जवळपास नाहीच, सगळा खेळ नाकाचा. सिनेमात मालाची पारख करणारे गृहस्थ एकटे टेबलाशी बसून अंड्यावर ट्रफल घालून खातात ना, ते दृश्य अगदी खरं आहे. इथे माणसं ते खाताना बोलत नाहीत.

खवय्या_बोरिवली:
आणि आपल्याकडे हॉटेलात 'ट्रफल फ्राइज' म्हणून साडेचारशे रुपयांना देतात ते?

रसायनी_रम्या:
@खवय्या_बोरिवली, त्यात बहुतेक वेळा ट्रफलचा अंशही नसतो. ट्रफल ऑइल म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं म्हणजे साधं तेल अधिक २,४-डायथायापेंटेन. हे गंधकयुक्त संयुग पांढऱ्या ट्रफलच्या वासातला एक मुख्य घटक आहे आणि ते कारखान्यात सहज बनवता येतं. खऱ्या ट्रफलमध्ये त्याच्या जोडीला इतर कितीतरी संयुगं असतात. त्यामुळे तेलाचा वास एकसुरी आणि भसाडा येतो, खऱ्याचा दर दिवशी बदलत जातो आणि आठवड्या-दहा दिवसांत उडून जातो. साठवता येत नाही म्हणून तर इतकी घाई, इतकी महागाई.

टोणगा:
म्हणजे मी साडेचारशे रुपये देऊन डायथायापेंटेनमध्ये परतलेला बटाटा खाल्ला. आयडी बदलून 'रसायनी_टोणगा' करावा म्हणतो.

सुसरबाई:
किमतीवरून आठवलं. २००७ मध्ये मकावचे कॅसिनोवाले स्टॅन्ली हो यांनी दीड किलोच्या एका पांढऱ्या ट्रफलला लिलावात ३ लाख ३० हजार डॉलर मोजले होते. गंमत म्हणजे ते आल्ब्याकडचं नव्हतंच, तिकडे तोस्कानात पिसाजवळ सापडलेलं.

मला सिनेमात सगळ्यात टोचलं ते हेच. लाल उशीवर एक ट्रफल ठेवलंय, माणसं देवदर्शनाला आल्यासारखी येतात, वाकून हुंगतात आणि पुढे जातात. आणि ते खणून काढणारा माणूस अंधाऱ्या गल्लीत गाडीच्या उजेडात दलालाशी घासाघीस करतोय. या दोन टोकांमधला पैसा कोण खातं हे दिग्दर्शकांनी विचारलंच नाही. दलालाला फोनवर बोलताना दाखवलं, झालं. निवेदन नको, पण एखादी पावती तरी दाखवायची! इतकं सुंदर चित्रण करून प्रश्न टाळला असं माझं मत.

आजोबा_ऑनलाइन:
सुसरबाई, मी ७६ वर्षांचा आहे आणि मुलाने लावून दिला म्हणून पाहिला. पैशाचा हिशोब मला सुचलाही नाही. मला तो कार्लो आवडला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. बायको मारिया म्हणते, रात्री जंगलात जायचं नाही, पडाल. हा गप्प बसतो. दोघं मिळून ढीगभर टोमॅटो धुताहेत. आणि मग रात्री हा पठ्ठ्या खिडकीतून उडी मारून पसार!

आमच्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला पर्वती बंद आहे. तेवढ्यापुरतं लिहितो की आमच्या बेडरूमची खिडकी तळमजल्यावर आहे.

सुसरबाई:
काका, काकूंचा आयडी आहे का इथे? नसला तर बरं. 😄

भूभू_डॉक्टर:
मी पशुवैद्य आहे, सांगली भागात. हा सिनेमा मी पूर्ण पाहू शकलो नाही, कारण विषाचा विषय आला तिथे बंद केला. नंतर दुसऱ्या दिवशी उरलेला पाहिला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: तिथे स्पर्धक एकमेकांच्या कुत्र्यांसाठी जंगलात विष घातलेले मांसाचे गोळे टाकून ठेवतात. ट्रफल शोधणारा कुत्रा नाक जमिनीला लावूनच धावतो, त्यामुळे तो गोळा त्याला हमखास सापडतो. गोळ्यात स्ट्रिक्नीन असेल तर काही मिनिटांत आकडी सुरू होते. शरीर धनुष्यासारखं ताठ होतं, आणि नुसती टाळी वाजवली किंवा दिवा लावला तरी झटका येतो. श्वासाचे स्नायू आखडून मरतो. त्यावर उतारा नाही, गुंगीत ठेवून, श्वास चालू ठेवून वेळ काढणं एवढंच हातात असतं. गोगलगायी मारायच्या गोळ्या (मेटाल्डिहाइड) घातल्या असतील तर थरथर आणि प्रचंड ताप.

आमच्याकडे येतात त्या केसेस बहुतेक कीटकनाशकाच्या. शेताच्या बांधावरच्या भांडणात राखणीचं कुत्रं आधी मारतात. तोंडाला फेस, लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या. त्यावर अ‍ॅट्रोपीन चालतं, वेळेत आलात तर. कृपया घरी मीठ-पाणी पाजू नका, आकडी असताना तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. उचला आणि आणा. उलटीचा किंवा खाल्लेल्या वस्तूचा नमुना पिशवीत घालून आणलात तर उपकार होतील.

सिनेमातला सेर्जो, जो आपल्या कुत्र्यांना घेऊन टबात अंघोळ करतो, तो पुढे ड्रम्स बडवत बसतो. मी अशा प्रसंगी लोकांना दवाखान्याबाहेर गाडीच्या बॉनेटवर मुठी आपटताना पाहिलंय.

पावसाळी:
डॉक्टर, ही माहिती वेगळ्या धाग्यात टाकाल का? इथे हरवून जाईल.

वेताळ_टेकडी:
+१. आणि विषावरूनच परत मूळ प्रश्नाकडे येतो. जिथे जागा कळली की तुमचं कुत्रं मारलं जाऊ शकतं, तिथे जागा न सांगणं कंजूषपणा कसा? ते बिर्बाचं संरक्षण आहे. बाकी आयुष्यात त्यांना दुसरं आहे कोण?

सुसरबाई:
हे मात्र पटलं.

भुईछत्री:
सगळे गुपिताला इतकं गोंजारताय म्हणून थोडी काडी टाकते. विष कोण टाकतं? बाहेरचे टाकतात असं प्रत्येक गावात सांगतात. पण कुठे टाकायचं हे कळायला ती टेकडी पायाखालची असावी लागते. गुपितं राखणाऱ्यांच्या याच व्यवस्थेतून विष टाकणारेही तयार झालेत. सगळे एकमेकांपासून लपवणार, कोणी कोणाच्या कुत्र्याला ओळखणार नाही, मग दुसऱ्याचं कुत्रं म्हणजे नुसता अडथळा. त्यातला आंजेलो बघा ना. लोकांच्या हावरेपणाला विटून त्याने शोधणंच सोडलं, आणि टाइपरायटरवर ठकाठका राजीनामा लिहितो. माझ्या मते सिनेमातला खरा विचार करणारा माणूस तो एकटा.

वेताळ_टेकडी:
आंजेलो विचार करणारा आहे की नुसता कटकट्या आहे याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.

मांडवीतीर:
गोव्याहून. @भुईछत्री, तुमच्या आयडीवरून लिहायला धीर आला. आमच्याकडे रोण अळमीचं असंच आहे. पावसात वारुळांवर उगवणारी जंगली अळंबी. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी पोसते आणि जून-जुलैत ती वर डोकं काढते. रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसतात, भाव विचारायची सोय नाही. कुठून आणली हे मात्र बाई कधी सांगणार नाही. आमच्या मावशीला तिच्या सासूने जागा दाखवल्या, सख्ख्या मुलाला नाही दाखवल्या. का, तर तो दारू पिऊन बोलतो.

पण आता काय होतं, जास्त मिळावी म्हणून लोक वारूळच खणतात. वारूळ गेलं की अळमी कायमची गेली. अभयारण्यातून काढायला बंदी आहे, वनखातं दर पावसाळ्यात इशारे देतं. तेव्हा जागा सगळ्यांना कळल्या की काय होतं ते आम्ही बघतोय. गुपित म्हणजे गरिबाचं वनखातं समजा.

भुईछत्री:
@मांडवीतीर, शेवटचं वाक्य चोरून ठेवतेय.

इंद्रावती:
मी मूळची नागपूरकडची, सध्या जगदलपूरला. इथे बस्तरात सालाच्या जंगलात बोडा मिळतो. पहिला पाऊस पडून ऊन पडलं, उकाडा वाढला की जमिनीखाली सुपारीएवढे, कधी मोठे, मातकट गोळे धरतात. ट्रफलचं आणि याचं कुळ वेगळं आहे, पण जगण्याची तऱ्हा तीच: झाडाच्या मुळाशी बुरशीची देवाणघेवाण, झाड साखर देतं, बुरशी पाणी आणि क्षार आणून देते. साल नसेल तर बोडा नाही. मिळेल तिथून उपटून आणून परसात लावू म्हणाल तर जमत नाही.

इथे कुत्रं लागत नाही. बायका वाकून जमिनीला गेलेली बारीक भेग बघतात आणि काडीने माती उकरतात. मी एकदा गेले होते शेजारणीबरोबर. ती माझ्या पायाखालून काढत होती आणि मला दिसत नव्हते. घेताना एक फोडून बघायचा: आत पांढरा म्हणजे कोवळा, काळा पडला म्हणजे जून. मटणासारखा रस्सा करतात. सुरुवातीच्या दिवसांत मटणापेक्षा महाग असतो.

आणि इथे जागेचं गुपित फारसं नाही, गावाचं जंगल गावाचं. बायका घोळक्याने जातात, गप्पा मारत. त्यामुळे गुपित हा या धंद्याचा स्वभावच आहे असं मला वाटत नाही.

पावसाळी:
@इंद्रावती, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि नीट सांगता येत नव्हतं!

खवय्या_बोरिवली:
पाकृ द्या बोड्याची.

पो_नदीकाठची:
इंद्रावती, मस्त लिहिलंत. तुमच्या मुळांच्या मुद्द्याला जोडून: इथली खरी अडचण जागा कोण सांगतं ही नाहीच, जागा उरताहेत का ही आहे. ओढ्याकाठचे पॉप्लर, विलो तोडून त्या जागी द्राक्षमळे आणि हेझलनटच्या बागा झाल्या. बारोलो वाइनच्या भावाने टेकडीवरचा वीतभर तुकडाही सोडला नाही. पांढऱ्या ट्रफलला ओल लागते, आणि २०२२ च्या दुष्काळात तर पो नदीचा तळ दिसला होता, त्या वर्षी हंगाम पार बसला. ट्रफल धरणारी झाडं जमीनमालकाने राखावीत म्हणून प्रांताचं सरकार झाडामागे दर वर्षी मोबदला देतं. थोडाच असतो, पण देतं. आउरेलिओंची साठ वर्षांची जागा उद्या एका दिवसात नांगरली जाऊ शकते, आणि ती जागा आहे हेच कोणाला माहीत नसल्यामुळे ती वाचवा म्हणायलाही कोणी नसेल. या एका कारणासाठी मी पावसाळीच्या बाजूने.

टोणगा:
हेझलनटवरून: आल्बा म्हणजे तेच ना, न्युटेलावाल्या फेरेरोचं गाव?

पो_नदीकाठची:
हो, १९४६ पासून तिथेच. कारखान्याचा वास सुटला की ट्रफलचाही विसर पडतो.

टोणगा:
आणि त्यांचा भारतातला कारखाना बारामतीला! म्हणजे आल्बा आणि बारामती एका वासाने बांधलेल्या बहिणी. बारामतीकरांनी आता नीरेच्या काठी ट्रफल शोधावं. सापडणार नाही, पण अनुदान मिळेल.

अ‍ॅडमिन_सहायक:
टोणगा, राजकारणाचा धागा वेगळा आहे.

टोणगा:
मी ट्रफलबद्दल बोलत होतो मालक.

श्वानसखी:
कुत्र्यांवर कोणी नीट लिहीतच नाहीये. लोकांना वाटतं या कामाला लागोत्तो रोमान्योलोच लागतो, तो कुरळ्या केसांचा. ती जात मुळात रोमान्याच्या दलदलीत शिकार केलेली बदकं पाण्यातून आणायला होती, दलदली आटवल्यावर ट्रफलकडे वळली. पिएमोंतेत मात्र बरेच जण मिश्र रक्ताचेच कुत्रे पाळतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गावठी. नाक, अक्कल आणि मालकावरचा जीव एवढंच बघतात. रोद्दी नावाच्या गावात १८८० पासून कुत्र्यांचं 'विद्यापीठ' आहे, एका घराण्यानेच पिढ्यान् पिढ्या चालवलेलं.

शिकवतात कसं तर खेळातून. आधी ट्रफलचा तुकडा किंवा वासाचं फडकं लपवायचं, सापडलं की खाऊ, मग मातीत थोडं खोल, मग आणखी खोल. सिनेमात बघा, कुत्र्याने उकरायला सुरुवात केली की म्हातारा धावत जाऊन त्याला हलकेच बाजूला करतो, पंजाने ट्रफल फाटू नये म्हणून, आणि तेवढ्यात खिशातून बिस्किट काढतो. हा व्यवहार रोखीचा आहे. कुत्र्याची उधारी ठेवत नाहीत.

डुकरं पूर्वी वापरत, पण डुक्कर जमीन नासवतं आणि तोंडातून ट्रफल काढून घ्यायला गेलात तर बोट जातं. शिवाय डुक्कर दोरीने धरून चाललात तर सगळ्या गावाला कळतं कुठे निघालात. कुत्रं घेऊन काय, माणूस फिरायलाही जातो.

टोणगा:
विद्यापीठात कुलगुरू कोण? आणि भुंकून आंदोलनं होतात का?

चौकट:
उशिरा येतोय. चित्रण-संकलन हा माझा धंदा, म्हणून पावसाळीच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, ज्याला कोणी हातच लावला नाही.

ड्वेक मुळात छायाचित्रकार. दोघांनी तीन वर्षं तिथे घालवली आणि कॅमेराही दोघांनीच चालवला. कॅमेरा दूर, तिकाटण्यावर, चौकट आधी बांधलेली, आणि मग माणसं त्या चौकटीत जगेपर्यंत थांबायचं. उजेड जमवला असेल, खुर्ची इकडची तिकडे केली असेल. पण कार्लो आणि मारिया एकमेकांवर ज्या सुरात खेकसतात तो सूर कोणी लिहून देऊ शकत नाही. मी याला माहितीपटच म्हणेन. 'हलता कॅमेरा म्हणजे खरं' ही बातम्यांनी लावलेली सवय आहे.

अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने त्या वर्षीच्या माहितीपटाचा पुरस्कार यांनाच दिला, तेव्हा हा वाद तिथेही झाला असला तरी मतदारांना अडचण वाटलेली दिसत नाही.

आता यातली खरी चलाखी. सगळा सिनेमा स्थिर, आणि मधेच कॅमेरा कुत्र्याच्या डोक्यावर. फांद्या अंगावर येतात, नाकाचं टोक खालून दिसतं, फुसफुस ऐकू येते, कुत्रं अंग झटकतं तेव्हा आख्खं जंगल गरगरतं. म्हाताऱ्यांच्या घरात काळ थांबल्यासारखा वाटतो आणि कुत्र्याच्या डोक्यावर तो पळत असतो. तैलचित्रं दाखवून दाखवून तुम्हाला पार शांत करतात ते या पळापळीसाठी. हे दृश्य मोबाइलवर पाहू नका, मोठा पडदा आणि बरे स्पीकर लावा.

सुसरबाईंचा पैशाचा आक्षेप मात्र मलाही आहे. सौंदर्य इतकं सांभाळलं की दलालाचा चेहरासुद्धा चित्रासारखा दिसतो. तिथे थोडं कुरूप व्हायला हवं होतं.

सुसरबाई:
दंडवत! 'तिथे थोडं कुरूप व्हायला हवं होतं' हे मला चार ओळी खर्चूनही लिहिता आलं नव्हतं.

पावसाळी:
चौकट, पटलं. दुसरा प्रश्न निकालात काढला.

पहिल्यावर माझं मत अजून हललेलं नाही, फक्त जरा वाकडं झालंय. आउरेलिओंनी त्या माणसाला सांगायला नको होतं हे ठीक. पण कोणालाच नाही? पो_नदीकाठचीने लिहिलेलं नांगरटीचं डोक्यातून जात नाही.

पो_नदीकाठची:
डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने इटलीतल्या ट्रफल शोधण्याच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात जागा नाही, ज्ञान आहे: माती, झाड, ऋतू, कुत्रं. इमारतीतल्या ज्या आजोबांच्या वहीबद्दल लिहिलं त्यांना मी ही बातमी सांगितली होती. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता ते जागा विचारायला येणार का?"

वेताळ_टेकडी:
😂😂 आजोबांना माझा नमस्कार सांगा.

आजोबा_ऑनलाइन:
मी परत आलो. माझी थोरली नात येते माझ्याबरोबर फिरायला, तिला मी टेकडीवर करवंदं कुठे लवकर पिकतात ते दाखवलंय. धाकटीला नाही दाखवलं. ती शाळेच्या ग्रुपवर टाकेल.

खवय्या_बोरिवली:
काका, टेकडी कुठली?

आजोबा_ऑनलाइन:
छान प्रयत्न.

खवय्या_बोरिवली:
बरं, बोड्याची पाकृ तरी?

इंद्रावती:
देते. आधी माती निघेपर्यंत चार-पाच पाण्यांनी चोळून धुवा, नाहीतर दाताखाली कचकच येते. मग दोन-दोन तुकडे करा. तेलात कांदा लालसर, आलं-लसूण, धने, हळद, तिखट, टोमॅटो. मसाल्याला तेल सुटलं की बोडे घालून परता आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवा. गरम मसाला बेताचा, नाहीतर त्याचा स्वतःचा वास मरतो. भाताबरोबर. पण ताजे जगदलपूरच्या बाजारातूनच, जूनअखेर या.